पांढरीत अनवाणी

१३ जानेवारी, सोमवार
चिंचसांगवी, ता. परतूर

पोचले, आणि चक्क खुशीत आहे. निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी कुणीतरी मला उन्हात उभं राहायचं काम दिलं. गाडी जालन्याला वेळेवर आली, हे पहिलं आश्चर्य. स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्याने मला बियाणं कंपनीची मॅडम समजून एका बियाणं कंपनीच्या दारातच नेऊन सोडलं. मी त्याला सांगितलं की मी पेरत नाही, उकरते. तो मनापासून हसला आणि भाडं मात्र जाण्यायेण्याचं घेतलं.

तिथून कंपनीच्या जीपने वाटूर आणि फाट्यावरून आत. दोन्हीकडे हुरड्यात आलेली ज्वारी, तुरी, कापूस वेचून उरलेल्या पऱ्हाट्या. हवा अशी की फुप्फुसं धुऊन वाळत घातल्यासारखी वाटली.

काम असं आहे. मेघवर्ण नावाच्या कंपनीला इथल्या चाळीस एकर शेतजमिनीवर गोदामं बांधायची आहेत. त्याआधी जमिनीखाली जुनं काही आहे का ते तपासून अहवाल द्यायचा, आणि त्यावर जाणत्या माणसाची सही हवी. पुरातत्त्व खात्यात मी उभी हयात घालवली, म्हणून प्रभावती चांदोरकर, वय सदुसष्ट, यांची आठवण झाली. माझी सही नाही तर परवानगी नाही. हे वाक्य लिहायला फार बरं वाटतं.

राहायला तुळजाबाईंचं घर. दोन खोल्या, दगडी भिंती, वर माळवद, म्हणजे लाकडांवर मातीचा जाड थर देऊन केलेलं सपाट छप्पर. नुकतीच नवी पांढरी माती टाकली आहे, त्यामुळे खोली थंडगार. तुळजाबाई पन्नाशीच्या, मोबाइलवर मोठ्या आवाजात व्हिडिओ बघणाऱ्या, तोंडाने फटकळ. मला ताबडतोब आवडल्या. भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी पुढ्यात ठेवून त्यांनी लेकरंबाळं किती म्हणून विचारलं. मी लग्नच केलं नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "बरं केलं. मी केलं, मंग काय भेटलं? भांडी."

घरात शिरताना मी पायपुसण्यावर पाय पुसले. आधी डावा, मग उजवा, मग पुन्हा उजव्याची टाच दाबून. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनेडिक्टांनी पट्टीच्या धाकाने लावलेली सवय, मरेपर्यंत सुटायची नाही. तुळजाबाई बघत राहिल्या. म्हणाल्या, पोतं झिजंल की हो बाई.

खाटेखाली कुणाचे तरी बूट आहेत. मोठे, भारीतले. माझ्याआधी मोजणीला आलेले भुजंगराव विसरून गेले म्हणे. माणूस छत्री विसरतो, डबा विसरतो. बूट विसरून कसा जातो हे विचारणार होते, पण भाकरी गरम होती.

१४ जानेवारी, मंगळवार

वरद कुलथे या गृहस्थाची ओळख झाली. कंपनीचा इथला व्यवस्थापक. प्रत्येक वाक्य 'ॲक्च्युअली'पासून सुरू करतो. येताना माझा अहवाल घेऊन आला होता, छापलेला, पूर्ण. 'पुरातत्त्वीय संभाव्यता: निरंक.' खाली माझ्या नावापुढे रेघ. मी म्हटलं, अजून जमीन पाहिलेली नाही. तो म्हणाला, पाहा की मॅडम, सही करून पाहा.

मी त्याच्यासमोर त्या कागदाची पुडी करून त्यात तिळाच्या वड्या बांधल्या.

मग कामाला लागलो. चालत पाहणी करायची पद्धत सोपी आहे: माणसं ओळीत, सारख्या अंतरावर, नजर जमिनीवर ठेवून हळू चालायचं, खापराचा तुकडा किंवा मणी दिसला की काडी रोवायची. मुकादम रामकिसन. कालपरवापर्यंत यातलीच काही जमीन त्याची होती, आता तो तिच्यावर मजुरीने येतो आणि त्याबद्दल काही बोलत नाही. माणसं चांगली चालली. उत्तरेच्या कोपऱ्यापर्यंत.

तिथे एक बुटकं टेकाड आहे. जुन्या वस्तीच्या भिंती, राख, शेण शतकानुशतकं साचून माती पांढुरकी होते, तिला पांढर म्हणतात. काळ्या रानात ती लांबूनही ओळखू येते. मला तर ती बघून तोंडाला पाणी सुटलं. आणि माझी सगळी ओळ बांधावर जाऊन बसली. प्रत्येकाने खिशातून खताच्या पोत्याचे तुकडे काढले आणि पावलं घोट्यापर्यंत गुंडाळून सुतळीने बांधली.

रामकिसनला विचारलं, हे काय? तो म्हणाला, इथं पाय दाखवायचे न्हाईत, पहिल्यापासून हाय. कुणाला दाखवायचे नाहीत? तर म्हणे, "ज्यांला न्हाईत त्यांला."

ठीक आहे. प्रत्येक गावात असं काहीतरी असतंच. मला संताप आला तो वेगळ्याच गोष्टीचा. टेकाडाच्या बगलेचा मोठा लचका जेसीबीने आधीच तोडलेला आहे. वरदला फोन करून विचारलं, माती कुठे गेली? गावाला फुकट वाटायला काढली होती म्हणे, सद्भावना म्हणून. गावात कुणी घेतली नाही. फक्त तुळजाबाईंनी घेतली.

म्हणजे तीन हजार वर्षांचा पुरावा माझ्या डोक्यावर पसरलेला आहे, मला थंड वाटावं म्हणून. तुळजाबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, मी परतूरकडची, मला यांचं भ्याव न्हाई. फुकटात भुतं आली तर ती बी राहू द्या, भाडं घेते.

१६ जानेवारी, गुरुवार

संताप, संताप, संताप. मागितली होती बारीक चाळणी, आली वाळू चाळायची. आलेखाच्या कागदाऐवजी शाळेच्या गणिताच्या वह्या आल्या. आमच्या जुन्या कार्यालयाला दोन पत्रं आणि तीन फोन केले. साहेब बैठकीत. माझ्या वेळेलाही साहेब बैठकीतच असायचे, पण तेव्हा निदान मला कोणती बैठक ते माहीत असायचं. घरात मोबाइलला रेंज येत नाही. विहिरीजवळच्या लिंबाखाली जाऊन उभं राहावं लागतं.

तरीही पांढरीवर चाचणीचा खड्डा सुरू केला. कमरेइतकं खाली गेल्यावर घराची जमीन लागली. चोपलेली, सारवलेली, इतकी सुबक की हात फिरवावासा वाटला. कुणा बाईने रोज निगुतीने राखलेली.

इथे माझं आणि मजुरांचं वाजलं. आमचा नियम असा: अशी जमीन लागली की खड्ड्यात जोडे नाहीत, काही नाही, अनवाणी उतरायचं. पोत्यांच्या पायांनी सगळा पृष्ठभाग खरवडला जातो. मी त्यांना ती गाठोडी सोडायला सांगितली. एकानेही सोडली नाहीत. रामकिसन शांतपणे म्हणाला की मॅडम, रोज कापा, पन पाय उघडे करनार न्हाई. मी म्हटलं मग वर उभे राहा आणि टोपल्या ओढा.

मी चपला काढल्या आणि स्वतः उतरले. दिवसभर एकटीने जमीन साफ केली. थंडगार, मऊ. संध्याकाळी वरून पाहिलं तर माझ्या पावलांचे पुसट ठसे सगळीकडे होते. चौथीत डेस्क पडून उजवी करंगळी बाहेर वळली आहे माझी, ती प्रत्येक ठशात दिसत होती. ते ठसे ब्रशने पुसून वर आले. रामकिसन पाठ करून उभा होता.

१८ जानेवारी, शनिवार

मिळालं! त्या जमिनीखालीच एक दफन. बाई आहे, लहानखुरी, माझ्याच उंचीची असावी. उताणी, डोकं उत्तरेला. आणि दोन्ही पाय घोट्यापासून तोडलेले. पावलं नाहीत.

हे भीतीदायक नाही, हे मुद्दाम लिहून ठेवते. त्या काळच्या शेतकऱ्यांची ही रीतच होती. घरचं माणूस घराच्या जमिनीखाली पुरायचं, आणि पावलं काढून घ्यायची. बहुधा त्याने घर सोडून भटकू नये म्हणून. मी पूर्वीही अशी दफनं पाहिली आहेत. महत्त्वाचं ते हे की आता 'निरंक' कुणाच्या बापाला लिहिता येणार नाही. हा कोपरा वगळल्याशिवाय गोदामाची एक वीट चढणार नाही.

वरदला कळवलं. तो म्हणाला, ॲक्च्युअली मॅडम, हाडंच आहेत ना, दुसरीकडे पुरू. मी इंग्रजीत जे बोलले ते सिस्टर बेनेडिक्टांनी ऐकलं असतं तर माझं तोंड साबणाने धुतलं असतं.

रामकिसनने सांगाड्याकडे पाहिलं नाही. माझ्या पायांकडे पाहिलं. म्हणाला, तुमी उद्याच्याला गावाकडं जा, मी गाडीवर सोडतो वाटूरला. मी म्हटलं, मी गेले की सोमवारी इथे जेसीबी येईल. तो म्हणाला, "येऊ द्या की मंग."

दुपारी जेवून पडले होते. वर माळवदावर आवाज येत होता. कुणीतरी सारवत असल्यासारखा. ओला हात लांबवर फिरावा, मागे यावा, पुन्हा फिरावा. तुळजाबाई कामसू आहेत, असं मनात म्हटलं. उठून बाहेर आले तर तुळजाबाई ओट्यावर तूर निवडत होत्या.

२० जानेवारी, सोमवार

सारवणं रोज दुपारी चालतं. माळवदातून माती झरते, बरोबर माझ्या पावलांवर. काल खाट फिरवून उलटी केली, उशी दाराकडे. आज पुन्हा पावलांवरच. तुळजाबाईंना दाखवलं. नवीन माती हाय, बसंल हळूहळू, म्हणाल्या.

शेवटी शिडी लावून वर चढले. या वयात मला हे करावं लागतं. वर कुणी नव्हतं. मातीवर हात फिरवल्याच्या लांब रेघा होत्या आणि त्यांच्यावरून गेलेले अनवाणी ठसे. मोठे, रुंद, पुरुषाचे. उत्तरेच्या कडेपर्यंत गेलेले आणि तिथे संपलेले. त्या कडेसमोर शेत आहे आणि शेतापलीकडे पांढर.

वरदचीच माणसं. मला घाबरवून पळवायचा बेत. इतका बाळबोध बेत की मला त्यांची कीव येते.

उजव्या घोट्याभोवती मोज्याच्या रबराचा वळ उठतो तसा वळ आहे. मी मोजे घालत नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

आज मी खरोखर भडकले आहे. खड्डा रुंद केला, पहिल्या बाईच्या शेजारी दुसरं दफन लागलं. तसंच उताणं, बारीक नळ्यांचं, तेही बाईचंच. पण याला पावलं आहेत.

मोठी पावलं. त्या बारीक पायांना न शोभणारी, पुरुषाची. आणि हाडं पांढरीफेक. बाकीचा सांगाडा मातीच्या रंगाचा, उकळलेल्या चहासारखा. ही हाडं ताजी.

माझ्या खड्ड्यात कुणीतरी हात घातला आहे, हे उघड आहे. पण वरची जमीन मी स्वतः कापली. ती अखंड होती. चोपलेली, सारवलेली, एक भेग नाही. तिच्याखाली हे कुणी आणि कसं ठेवलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि मला उत्तर नसलेल्या गोष्टी आवडत नाहीत.

लिंबाखाली जाऊन वरदला फोन केला आणि चोरीपासून बनवाबनवीपर्यंत सगळे आरोप केले. त्याला काही कळेना. मग मी विचारलं, भुजंगराव कुठे आहेत? तो आज पहिल्यांदा 'ॲक्च्युअली' न म्हणता बोलला. भुजंगराव जालन्यात दवाखान्यात आहेत. तुळजाबाईंच्या त्याच खोलीत राहिले होते, नवी माती टाकली त्या आठवड्यात. शुगर होती म्हणे. दोन्ही पाय गेले. घोट्यापासून.

मी विचारलं, डॉक्टरांनी कापले का? वरद म्हणाला, नाही मॅडम. डॉक्टरांकडे नेलं तेव्हा नव्हतेच.

२३ जानेवारी, गुरुवार

वाटूरला जाऊन डॉक्टरला दाखवलं. रामकिसनने गाडीवर नेलं. डॉक्टरने टाचेला सुई टोचली, विचारलं काय वाटतं. काहीच वाटलं नाही. म्हणाला शुगर असेल. रक्त तपासलं, शुगर नाही. म्हणाला मग वय. मी त्याला त्याचं वय विचारलं आणि उठले. उठताना पडले.

पुण्याहून भाचीचा फोन. गंधालीचं म्हणणं की मावशी, तू सगळं सोड आणि आजच निघ. ती रडत होती. मी तिला सांगितलं, मी निघाले की दुसऱ्या कुणाची तरी सही ते मिळवतील. अशी माणसं पुष्कळ आहेत. माझ्याच खात्यातून निवृत्त झालेली आहेत.

वाटेत रामकिसन पहिल्यांदाच सलग बोलला. म्हणाला, आमचा आजा सांगायचा, ती मानसं घराची हायेत, घर जिकडं जाईल तिकडं ती जातात. पन पाय न्हाईत. पाय भेटले की मंग वापस आपल्या जागी जाऊन झोपतात. म्हणून दाखवायचे न्हाईत, बास. मी विचारलं, घर जातं म्हणजे काय? त्याने तुळजाबाईंच्या घराकडे हनुवटीने दाखवलं. म्हणाला, "माती म्हंजेच घर की, मॅडम."

खोलीत आल्यावर पडून वर पाहत राहिले. त्यांच्या घराची जमीन माझ्या डोक्यावर आहे. मी त्या जमिनीखाली झोपते. जमिनीखाली कुणाला ठेवतात, हे मीच शनिवारी इथे लिहिलं आहे.

तुळजाबाईंना म्हटलं, ही माती काढून परत पांढरीवर टाका, मी खर्च देते. त्या म्हणाल्या, बाई, बिलकुल न्हाई, ट्रॅक्टरवाला येईना, गडी वर चढंना, आनि उघड्या घरात मी राहू का? दुसरी खोली द्या म्हटलं. तिच्यावर बी तीच माती हाय. आणि मग, डोळ्यात पाणी आणून, मलाच सांगू लागल्या की त्यांच्या पायाला मुंग्या येत्यात म्हणून त्या चार दिवस झाले बहिणीकडं झोपून राह्यल्यात.

मला कुणी सांगितलं नाही. कुणीही.

२४ जानेवारी, शुक्रवार

रामकिसनला वर चढवून फोटो काढायला लावला. त्याने पाय गुंडाळूनच काढला.

ठसे आहेत. लहान. बाईचे. उजवी करंगळी बाहेर वळलेली.

मी वर फक्त सोमवारी गेले होते. चपला घालून.

दुपारचं सारवणं बंद झालं आहे. त्याऐवजी चालणं ऐकू येतं. अडखळत, नव्या चपला पायात बसवून बघतात तसं. थोडं जाऊन थांबतं, मग पुन्हा.

दोन्ही घोट्यांभोवतीचा वळ आता खोल आहे. रक्त नाही. दुखत नाही. गोधडी घेतली आहे. वर करून बघायचं नाही, असं ठरवलंय.

२५ जानेवारी, शनिवार

वरदचा निरोप रामकिसनने आणला. उद्या सव्वीस जानेवारी. कार्यालयं बंद, साहेब झेंड्याला, तहसीलदार झेंड्याला, फोन उचलायला कुणी नाही. उद्या जेसीबी येणार. चोरांना सुट्ट्या बरोबर पाठ असतात.

अहवाल मी पूर्ण केला आहे. मोबाइलवर टाइप केला, फोटोंसकट. साफ लिहिलं आहे: उत्तर कोपऱ्याला हात लावू नये, नेलेली माती परत आणावी. कारण पुरातत्त्वीय दिलं. दुसरं कारण कोणत्या रकान्यात लिहायचं?

फक्त पाठवायचा आहे. कलेक्टर, आमचं कार्यालय, वर्तमानपत्रं, सगळ्यांचे पत्ते घातले आहेत. रेंज लिंबाखाली आहे. लिंब दारातून दिसतो. माझ्याच्याने उभं राहवत नाही.

मोबाइल रामकिसनकडे द्यावा म्हटलं तर लक्षात आलं की तो निरोप सांगून उंबऱ्याबाहेरूनच गेला. हाका मारल्या. उद्या झेंडावंदन झालं की मला उचलून घेऊन जातो, असं ओरडून सांगून गेला. आत आला नाही. त्याला मी दोष देत नाही. देते. थोडा देते.

जाता जाता एक सांगितलं. खड्ड्यातल्या पहिल्या बाईवर ताडपत्री घातलेली होती ना, तिच्या पायाकडं आज ताडपत्री वर उचलल्यासारखी—

पुढचं गाडीच्या आवाजात गेलं.

२६ जानेवारी, रविवार

सकाळ. शाळेतला कर्णा इथपर्यंत ऐकू येतो. सगळं गाव तिकडे. तुळजाबाई पण. ऊन दारातून आत आलंय, छान, कोवळं. असल्या उन्हात कुणाला काही होत नाही.

गोधडी पायाकडे सपाट आहे.

—

पाहिलं. गुळगुळीत आहे. सारवल्यासारखं.

—

रांगत दारापर्यंत जायचा प्रयत्न केला. खाटेवरून उतरले, तिथेच पडून आहे. भुजंगरावांचे बूट डोळ्यांसमोर. मोबाइल हातात आहे. रेंज नाही. पाठवायचं बटण सारखं दाबते आहे. गोल फिरतं आणि थांबतं.

—

जेसीबीचा आवाज. उत्तरेकडून. राष्ट्रगीत चालू असताना, निर्लज्ज. चालू ठेवलंय त्यांनी. पांढर उकरतायत. ऐकू येतं, बादली दगडावर घासते ती—

आता नीट विचार कर, प्रभावती. पाय मिळाले की ती वापस जातात, आपल्या जागी झोपतात. म्हणजे ती बाई जाईल. माझे पाय घेऊन जाईल, पण जाईल. एवढंच ना. त्यातून माणूस जगतो. भुजंगराव जगले—

पण जागा कुठे आहे? जागा आत्ता ट्रॉलीत भरतायत. ती सगळी, जी खाली होती, जी मी अजून उकरलीच नव्हती— त्यांचं घर आता तिकडे नाही.

उरलेलं घर इथे आहे. माझ्या डोक्यावर.

—

कर्णा थांबला. जेसीबी चालू आहे. रामकिसन येईल. झेंडा झाला की येतो म्हणाला.

गल्लीतून आवाज. रामकिसनची गाडी नाही. सारवणं. ओल्या हातांचं, लांबलांब, पुष्कळ हात— रस्त्यावरून ओढत येतंय— मातीचा वास—

आणि पुढे कुणीतरी चालतंय. पावलं. उजवी जराशी वळवून टाकलेली. ही चाल मी ओळखते. आयुष्यभर हीच ऐकली आहे—

पाय घेतलेस ना बाई. मग निदान हा मोबाइल तरी लिंबाखाली घेऊन जा. एवढं काम—

ओट्यावर आली. मागचे आवाज थांबले. सगळे थांबले. तिच्यासाठी थांबलेत.

पायपुसण्यावर—

आधी डावा

मग उजवा

मग पुन्हा उजव्याची टा